दोन्ही मशिनी थोरल्या

सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या दोन भावांच्या दुकानात चहा सांगणं हे साधं काम नव्हतं. मी विचारायचे, "चहा का कॉफी?" थोरले म्हणायचे, "तम्माला इचारा. त्यो घेईल ते." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी धाकट्यांकडे वळायचे. धाकटे हात जोडल्यासारखं करून म्हणायचे, "अण्णा घेतील ते." मी पुन्हा थोरल्यांकडे. शेजारच्या हॉटेलवाल्यानं यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. त्या दुकानातून हाक आली की तो काही न विचारता सगळ्यांसाठी चहा आणून ठेवायचा आणि निघून जायचा. मला त्या माणसाचा फार हेवा वाटायचा.

मी त्यांच्याकडे कॉम्प्युटर बघते. माझं पद काय, हे अजून ठरायचं आहे. थोरल्यांना विचारलं तर ते धाकट्यांकडे पाठवतात, आणि धाकटे कुठं पाठवतात ते आता तुम्हाला कळलंच असेल. म्हणून मला सगळे 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम' म्हणतात, आणि पंखा बंद पडला तरी मलाच बोलावतात.

धंदा चादरी आणि टॉवेलांचा. कारखाना चिंचोळी एमआयडीसीत, तो थोरले बघतात. दुकान नवी पेठेत, ते धाकटे बघतात. दोघंही मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. मला कळू नये असं काही बोलायचं झालं की दोघं कन्नडमध्ये शिरतात. मी तेलुगू घरातली, वडील मागावर होते, आणि सोलापुरात वाढलेल्या माणसाला कन्नड कळत नाही असं समजणं हा त्या दोघांचा भोळेपणा. पण त्यांच्या गुपितातही काही नसतं. "नी हेळप्पा तम्मा," असं थोरले म्हणतात, म्हणजे तू सांग. "नीव् हेळ्री अण्णा," असं धाकटे म्हणतात, म्हणजे तुम्ही सांगा. झालं गुपित.

थोरले रोज दुपारी कारखान्यातून दुकानात येतात. दुकानात गादी आहे, पांढऱ्या चादरीची, तीन लोडांची. एका टोकाला थोरले बसतात, दुसऱ्या टोकाला धाकटे. मधला लोड त्यांच्या वडिलांचा. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. थोरले म्हणतात, दुकान तम्मा बघतो, त्यानं बसावं. धाकटे म्हणतात, अण्णा असताना मी कसा बसू? तेव्हा तो लोड रोज झटकला जातो, त्याचा अभ्रा दर सोमवारी बदलला जातो आणि त्याला कुणी टेकत नाही. गर्दीच्या दिवशी गिऱ्हाइकं दाटीवाटीनं उभी असतात, आणि गादीच्या मधोमध एक ऐसपैस जागा मोकळी.

आता त्या दोन मशिनींबद्दल सांगते. घाबरू नका, सोपं आहे.

आमच्या सगळ्या मालाचे फोटो मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर असतात. गावोगावचे व्यापारी, दुकानातला मोठा स्क्रीन, कारखान्यातली माणसं, सगळे तिथूनच फोटो उघडतात. दर वेळी मुंबईपर्यंत जायला नको म्हणून मधे एक मशीन ठेवतात. तिला प्रॉक्सी म्हणतात. कुणी एखादी चादर बघायला मागितली की ती मुंबईहून फोटो आणते, मागणाऱ्याला देते आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवून घेते. पुढचा कुणी तीच चादर मागायला आला की जवळचीच प्रत देते. घरात शेंगदाणे भाजून डब्यात भरून ठेवले की चटणीसाठी दर वेळी बाजारात पळावं लागत नाही, त्यातलाच प्रकार.

अशी एक मशीन पुरली असती. पण भाऊ दोन. म्हणून एक चिंचोळीला, एक दुकानाच्या माडीवर. मी नोकरीला लागायच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला, पुण्याहून एक माणूस येऊन दोघींची जोडी लावून गेला होता. एकीकडे नसेल ते दुसरीकडून घ्यायचं, अशी ती जोडी. मला ती जोडी लावलेलीच मिळाली, आणि तिच्याबरोबर तिचं दुखणंही.

दुखणं मेमरीचं होतं. मेमरी म्हणजे मशीनचा ओटा. फोटोंच्या प्रती डब्यांत असतात, पण हातातलं काम ओट्यावर मांडलेलं असतं. काम संपलं की ओटा रिकामा व्हायला हवा. आमच्या दोघींचे ओटे सकाळी रिकामे असायचे आणि दुपारपर्यंत काठोकाठ भरायचे. मग मशीन आधी मंद व्हायची, मग गप्प व्हायची. मी नवी पेठेतली बंद करून चालू केली की ती टवटवीत व्हायची आणि थोड्या वेळानं चिंचोळीहून फोन यायचा, "मॅडम, हितली मशीन झोपली बगा." मी स्कूटर काढून पुणे रस्त्यानं चिंचोळीला जायचे. तिला उठवेपर्यंत इकडची आडवी. त्या उन्हात मी इतक्या खेपा घातल्या की रस्त्यावरचा रसवंतीवाला मला बघून न सांगताच बर्फ कमी घालायला लागला.

सुरुवातीला मलाही वाटलं, ओटाच लहान असेल. मी मेमरी वाढवायला हवी असं सांगितलं. थोरले म्हणाले, "आदी तम्माच्या मशीनला घाला." धाकटे म्हणाले, "आधी अण्णांच्या." शेवटी दोन्ही मशिनींना एकाच दिवशी, सारख्याच मापाची घालायचं ठरलं. मेमरीच्या पट्ट्या आल्या तेव्हा एकीचं खोकं लाल होतं आणि दुसरीचं निळं. आतला माल एकच. तरी निळं खोकं परत पाठवून दुसरं लाल मागवलं, कारण उगाच कुणाच्या मनात काही यायला नको. मोठ्या ओट्यांचेही आठवड्यात तेच हाल झाले. मला मशिनींचा राग येईना, मला त्या लाल खोक्यांचा राग यायला लागला.

हे सगळं माझ्यापुरतंच असतं तर मी खेपा घालत राहिले असते. पण यात एक मुलगी अडकली होती.

धाकट्यांची मुलगी कापडाच्या डिझाईनचं शिकून आली होती. हुशार, कमी बोलणारी, आणि एकदा डोक्यात घेतलं की सोडायची नाही. तिनं नव्या मोसमासाठी चादरी काढल्या होत्या. त्यातली एक ज्वारीच्या कणसांची होती. मातकट रंगावर कणसांच्या रांगा, आणि काठाला पानांची किनार. नमुन्याची चादर विणून झाल्यावर तिनं मला आधी दाखवली, आणि मी तिच्यावरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिले. आमच्या वडिलांना दाखवावी असं वाटलं. दोघा भावांना मात्र ती म्हणाली, "घडी घातलेली नको, दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवरच बघा." स्क्रीनवर पांढरं गोल चक्र फिरत राहायचं आणि चादर काही यायची नाही. जुन्या चादरी मात्र बोट लावताच उघडायच्या.

तिला दुकानात बसायचं होतं. नव्या मालाचं सगळं स्वतः बघायचं होतं. बंगळुरूच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिला जायचं नव्हतं. पण त्या घरातल्या बाईमाणसानं आजवर गादीवर बसून माल दाखवला नव्हता. तिनं अप्पांना, म्हणजे धाकट्यांना, विचारलं. अप्पा म्हणाले, "दोड्डप्पांना विचार." कन्नडमध्ये दोड्डप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. दोड्डप्पा म्हणाले, "तुज्या अप्पाला इचार की. त्येची पोरगी तू." असं किती वेळा झालं ते तिनं मोजायचं सोडून दिलं होतं.

"कुणी नाही म्हटलं असतं तर भांडले तरी असते," ती मला एकदा म्हणाली. "हे दोघं नाहीच म्हणत नाहीत, ताई."

त्यातच थोरल्यांच्या बोलण्यात यायला लागलं, की नवा माल कुणी मागत नाही. व्यापारी जुन्याच चादरी मागतात. हे ते दुष्टपणानं म्हणत नव्हते, दिसत होतं तेच सांगत होते. पण मुलीचा चेहरा उतरायला लागला. आपलं काम खरंच लोकांना आवडलं नसेल, असं ती मानायला लागली होती. ते मला बघवेना.

मग मी एका सकाळी चिंचोळीला ठाण मांडून बसले. मशीनची खोली साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडला लागून आहे, तिथं स्वतःचा विचारही ओरडून करावा लागतो. मी सगळं सोडून एकच गोष्ट बघायची ठरवली. कणसांची चादर मी स्वतः मागितली आणि दोन्ही मशिनी त्या मागणीचं काय करतात ते ओळीनं वाचत गेले.

चिंचोळीच्या मशीनकडे फोटो नव्हता. तिनं नवी पेठेतलीला विचारलं. नवी पेठेतलीकडेही नव्हता. आता तिनं मुंबईला जायचं. पण ती गेली नाही. तिनं चिंचोळीला विचारलं. चिंचोळीनं, जणू हा प्रश्न जन्मात पहिल्यांदाच ऐकतेय अशा थाटात, पुन्हा नवी पेठेला विचारलं. ओळींमागून ओळी. प्रत्येक वेळी दोघींच्याही ओट्यावर एक नवं भांडं मांडलं जात होतं, उत्तर येईपर्यंत थांबलेलं. उत्तर आणायला मुंबईला कुणी गेलेलंच नव्हतं. जुन्या चादरींच्या प्रती डब्यांत होत्या, म्हणून त्या लगेच यायच्या. नवी चादर कुणाच्याच डब्यात नव्हती, म्हणून ती कधीच यायची नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथं मुंबईचा आड तुडुंब भरलेला होता आणि दोन पोहरे एकमेकांतच बुडत होते.

मी एकटीच मोठ्यानं हसले. साच्यावरच्या एका मावशींनी दारातून डोकावून बघितलं, आणि मॅडमना ऊन लागलं असं ठरवून पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मी मुलीला फोन लावला. ती तेव्हा, जोडी लावायच्या दिवशी, हजर होती. तिनं सगळं सांगितलं. पुण्याच्या माणसानं विचारलं होतं, "यातली थोरली कोणती?" कारण त्या व्यवस्थेत धाकटीकडे काही नसलं की तिनं थोरलीकडे मागायचं, आणि थोरलीनं ते कुठूनही आणून द्यायचं. थोरले म्हणाले, "तम्माची थोरली." धाकटे म्हणाले, "छे, छे! अण्णांची." त्या माणसाला गाडी गाठायची होती. त्यानं दोन्ही मशिनी थोरल्या केल्या. एकमेकींच्या थोरल्या.

तरीही हे आपोआप पकडलं गेलं असतं. कारण अशी मशीन तिच्या हातातून जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर आपल्या नावाचा शिक्का मारते. तीच मागणी फिरून आली की शिक्का बघून तिला कळतं, ही आधी आपल्याकडून जाऊन आलीय. पण पुण्याच्या माणसानं हे समजावल्यावर थोरले म्हणाले होते, "घर एक हाय. कुणाच्या दारातनं आलं त्ये कशाला लिवायचं? उगं तुजं-माजं होतंय." आणि शिक्का बंद केला गेला.

तर हे असं होतं. मशिनींत काहीही बिघाड नव्हता. त्या दोघींनी घरचं वळण अगदी नेटानं पाळलं होतं.

खरं तर मी न विचारता दोन ओळी बदलू शकले असते. पण त्या घरात न विचारता काही करायची मुभा फक्त हॉटेलवाल्याला आहे. आणि दोघांना वेगवेगळं विचारलं असतं तर माझीच मागणी चिंचोळी ते नवी पेठ फिरत राहिली असती. म्हणून मी दुपारी, दोघं गादीवर असताना, मधल्या रिकाम्या लोडासमोर स्टूल टाकून बसले. मुलगी कपाटाला टेकून उभी होती. एक बाई लग्नाच्या आहेरासाठी टॉवेल बघत होत्या, त्याही ऐकायला लागल्या. आमच्याकडे कुणाला बाहेर थांबा म्हणत नाहीत.

मी सगळं सांगितलं. दोघांनी मन लावून ऐकलं.

"मग आता काय करायचं म्हणताव?" थोरल्यांनी विचारलं.

"कुणीच थोरली नको. दोघी बहिणी. एकीनं दुसरीला फक्त इतकंच विचारायचं, तुझ्याकडे आहे का? असलं तर दे. नसलं तर दुसरीनं सरळ नाही म्हणायचं. मग जिला मागितलं तिनं स्वतः मुंबईला जाऊन आणायचं."

थोरले अस्वस्थ झाले. "म्हंजे माजी मशीन तम्माच्या मशीनला तोंडावर न्हाई म्हणणार व्हय?"

"हो."

"लई वाईट दिसतंय की त्ये."

धाकटे हळूच म्हणाले, "अण्णांच्या मशीननं म्हटलं तर चालेल. आमच्या मशीननं अण्णांना नाही म्हणायचं, म्हणजे..."

इथं माझं डोकं फिरलं. मला लवकर राग येतो, घरी विचारा. मी म्हटलं, "भीड भिकेची बहीण, असं उगाच म्हणत नाहीत. तुम्ही दोघं एकमेकांना मान देत बसलात, आणि त्या मानापायी ही चादर अजून एकाही व्यापाऱ्याला दिसलेली नाही. मागत नाहीत कसले? बिचारे मागून मागून थकले. नाही म्हणा हो! नाही म्हटल्यावर समोरचा निदान दुसरीकडे जातो. मशिनीला लाज नसते, तिला म्हणू द्या."

आहेरवाल्या बाईंनी टॉवेल छातीशी धरला. तेवढ्यात नेहमीप्रमाणे चहा आला आणि धाकट्यांच्या पुढ्यात ठेवला गेला. त्यांनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हॉटेलवाल्याला म्हणाले, "मला कॉफी आण."

थोरल्यांचा कप हवेतच राहिला. "तुला च्या नको?"

"नको, अण्णा. मला चहा आवडत न्हाई."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

थोरले भावाकडे बघतच राहिले. मला वाटलं रागावणार. पण ते अगदी हळू म्हणाले, "सांगायचं न्हाई व्हय रं?" आणि मला इतका वेळ आलेला राग कुठल्या कुठं गेला. एवढी माया असलेली माणसं मी फार बघितलेली नाहीत, आणि त्या मायेनं एवढा घोळ घातलेलाही बघितलेला नाही.

"करा," थोरले मला म्हणाले. धाकट्यांकडे न बघता म्हणाले, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मी तिथंच लॅपटॉप उघडला. दोघींचा थोरलेपणा काढला, शिक्का चालू केला, आणि मुलीला म्हटलं, "माग."

तिनं मोठ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. चक्र फिरलंच नाही. भिंतभर कणसं उभी राहिली.

थोरले गादीवरून उठून स्क्रीनपाशी गेले. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून बघायला लागले. "ज्वारी ताटात असती," ते म्हणाले, "अंगावर कशाला?" आणि तरी बघत राहिले. "ही हायब्रीड हाय. शाळूचं कणीस असं नसतंय."

"शाळूच आहे, दोड्डप्पा," मुलगी म्हणाली. "मैंदर्गीच्या आपल्या रानातली. विहिरीकडच्या तुकड्यातली. मी तिथं बसून काढलीय."

थोरल्यांनी एका कणसावर बोट ठेवलं, मग किनारीच्या पानावर. "हां," ते म्हणाले. "विहिरीकडची अशीच वाकती." ते परत येऊन आपल्या टोकाला बसले.

मुलगी कपाटापासून पुढं आली. "दोड्डप्पा, महिना संपत आला. मी बंगळुरूला हो म्हणू, का इथं बसू?"

थोरल्यांनी मान धाकट्यांकडे वळवली. सवयच ती. तोंड उघडलं, "तम्मा, नी हे..."

"दोड्डप्पा," ती म्हणाली, "हे आधी एकदा तुमच्याकडून जाऊन आलंय. शिक्का बघा त्याच्यावर."

धाकटे कॉफीच्या कपात बघत होते, पण त्यांचे कान आमच्याकडे होते. या वेळी त्यांनी 'अण्णा म्हणतील ते' म्हटलं नाही.

थोरल्यांनी तोंड मिटलं. मुलीकडे बघितलं, स्क्रीनवरच्या रानाकडे बघितलं. मग हात लांब करून मधला लोड थोडा पुढं ओढला आणि त्याच्यावर थाप मारली.

"बस," ते म्हणाले.

"कुटं?" मुलीच्या तोंडून घरातलं बोलणं निघून गेलं.

"हितं. मदी."

धाकट्यांनी आपल्या बाजूची चादर तळहातानं सारखी केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाचच लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधायला लागले. मुलगी गादीवर चढली, दोघांच्या मधे मांडी घालून बसली, लोडाला न टेकता. मग ओढणी सारखी करून तिनं आहेरवाल्या बाईंकडे बघितलं.

"या की," ती म्हणाली. "काय दाखवू?"